“बीएस्सीला पहिली होते, आता वर्गात तोंड उघडत नाही”

कोपरखैरण्याहून लिहिणाऱ्या मुली, तुझं पत्र दोनदा वाचलं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला एमएस्सी केमिस्ट्रीचं पहिलं वर्ष, चार महिने झाले, ग्रुप थिअरी, म्हणजे रेणूंच्या सममितीचं गणित, डोक्यावरून जातेय, जायला-यायला तीन तास, आणि घरी आई विचारते अजून किती शिकणार. शेवटी तू लिहिलंयस, “मावशी, मी बहुतेक चुकून इथे आले.”

नाही गं बाळा, चुकून नाही आलीस. बीएस्सीला सरांच्या नोट्स चांगल्या पाठ केल्या की मार्क मिळायचे, इथे कोणी नोट्स देत नाही, आणि हे बदललंय असं तुला कोणी सांगितलंच नाही, म्हणून तू अजून जुन्याच पद्धतीने दुप्पट मेहनत करत बसलीयेस. मी स्वतः ठाण्याहून एमएला जायचे तेव्हा भाषाविज्ञानाच्या तासाला हेच झालं होतं, ‘स्वनिम’ म्हणजे काय हे विचारायला मला नोव्हेंबर उजाडला, आणि त्या वाया गेलेल्या महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

तर ग्रुप थिअरी शिकवणाऱ्या सरांकडे जा. पण “सर काहीच कळत नाही” असं नको सांगूस, त्याचं उत्तर त्यांनी तरी कुठून द्यायचं? कुठे अडलीस ते कागदावर लिहून ने. म्हणजे बघ, पाण्याच्या रेणूचा पॉइंट ग्रुप सी टू व्ही इथपर्यंत समजलं, पण कॅरेक्टर टेबलमधले ते एक आणि वजा एक कुठून आले ते नाही. एवढं नेमकं विचारलंस की दहा मिनिटांत काम होतं. रिसर्च पेपरचंही तसंच, पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन बसू नकोस, आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या, मग शेवट, आणि गरज वाटली तरच मधलं.

आणि ते गर्दीत उभं राहून मोबाइलवर पेपर वाचणं बंद कर बरं. वाशी सुटलं की खाडी बघ, झोप आली तर झोप, अभ्यास कॅम्पसवरच्या नेहरू लायब्ररीत तासभर बसून कर आणि मग कुर्ल्याची रिक्षा पकड.

आईला रागाने उत्तर देऊ नकोस, तिला फी आणि वय दोन्ही दिसतंय. दोन वर्षं, चार सेमिस्टर, त्यानंतर नेट परीक्षा द्यायचीये की नोकरी बघायचीये, तुला आत्ता जेवढं माहितीये तेवढं तिला सांग.

रोज रात्री रडू येतं असंही लिहिलंयस, ते मात्र मला हलकं घ्यायचं नाहीये. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही मराठीत बोलता येतं. आजच लाव. आणि सरांना भेटून आलीस की मला लिही, मी वाट बघतेय.