मीटअपला नऊच जण येतात, ग्रुप बंद करू का?

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या मित्राने दहा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या डेव्हलपर लोकांचा ग्रुप चालू केला. पहिल्या मीटअपला सत्तर जण आले, हॉल भरला होता. आता चाळीस जण नाव नोंदवतात आणि गेल्या दोन वेळा प्रत्यक्षात नऊच जण आले. मित्र म्हणतो हे बंद करू, त्यापेक्षा वर्षातून एकदा दणक्यात कॉन्फरन्स घेऊ. मला पटत नाहीये, पण त्याला उत्तरही देता येत नाहीये. — एक आयोजक

उत्तर : बंद करू नका. आधी एक काम करा, गेल्या चार-पाच मीटअपची यादी समोर घ्या आणि बघा की या नऊ जणांपैकी पुन्हा पुन्हा येणारे कोण आहेत. त्यातले पाच जरी तेच असतील ना, तरी तुमचा ग्रुप तयार झालाय असं समजा. ते सत्तर जण म्हणजे ग्रुप नव्हता, ती पहिल्या दिवसाची गर्दी होती, त्यात तुमचे मित्र, ऑफिसमधले लोक, नवीन काय आहे ते बघायला आलेले असे सगळे होते आणि ते पांगणारच होते. आणि चाळीस नावांचं म्हणाल तर फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे जरी आले तरी पुष्कळ झालं, हे सगळीकडे असंच असतं, ते मनाला लावून घेऊ नका.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांचं उदाहरण देते. त्यांचा पहिला वर्कशॉप १९९४ साली अमेरिकेत झाला तेव्हा जेमतेम वीसेक माणसं जमली होती, ती भाषा तयार करणारे स्वतः गिडो व्हॅन रॉसम धरून. पायकॉन नावाची पहिली कॉन्फरन्स त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००३ ला झाली. म्हणजे आधी थोडी माणसं भेटत राहिली, कॉन्फरन्स मग आली. तुमच्या मित्राला हेच सांगा, की कॉन्फरन्सला राबणारे लोक कुठून आणणार? स्टेज बघणारे, स्पीकरशी बोलणारे, दारावर उभे राहणारे लोक या नऊ जणांतूनच येणारेत, आणि हेच बंद केलं तर वर्षअखेरीला तुम्ही दोघंच उरणार आणि दोघांत कॉन्फरन्स उभी राहत नाही.

आता सुधारायचं काय ते सांगते. तारीख बांधून टाका. आमच्या ग्रुपची पहिली दोन वर्षं आम्ही स्पीकर मिळाला की तारीख ठरवायचो, मग कधी महिन्याच्या सुरुवातीला, कधी शेवटी, कधी दोन महिने काहीच नाही, आणि लोकांना प्रत्येक वेळी विचारावं लागायचं की या वेळी आहे का. मग आम्ही ठरवलं, दर महिन्याचा दुसरा शनिवार, तीच जागा, तीच वेळ, स्पीकर असो नसो. स्पीकर नसेल तर ज्याने त्याने आपलं अडलेलं काम घेऊन यायचं.

अशाच एका शनिवारी एक मुलगा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, घेऊन आला होता. त्याच्या अ‍ॅपमध्ये काही युजरना जन्मतारीख एक दिवस मागची दिसायची, सगळ्यांना नाही, काहींनाच, आणि त्याच्या स्वतःच्या मशीनवर तर एकदम बरोबर. आम्ही सात जण एका लॅपटॉपभोवती खुर्च्या ओढून बसलो. कोणी डेटाबेस बघायला सांगितलं, कोणी सर्व्हरचं घड्याळ, पाऊण तास गेला. शेवटी मागे गप्प बसलेली एक जण म्हणाली, ते युजर कुठल्या देशातले आहेत ते बघ ना. सगळे अमेरिकेतले निघाले. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत नुसती तारीख, म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग (मजकूर) दिली, की ती यूटीसीची, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेची, मध्यरात्र धरली जाते, आणि तीच तारीख जो देश घड्याळात यूटीसीच्या मागे आहे तिथल्या वेळेत दाखवली की आदल्या दिवसाची संध्याकाळ होते. त्या मुलाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पुढच्या महिन्यात तो यावरच दहा मिनिटं बोलला, त्याआधी तो कधीच चार लोकांसमोर उभा राहिला नव्हता. सत्तर खुर्च्या ओळीने मांडल्यावर हे होत नाही हो, तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकून घरी जातात.

दुसरं म्हणजे कामं वाटा, आणि हे मी तारखेपेक्षाही कळकळीने सांगतेय. ग्रुप बंद पडलेले मी जितके बघितलेत त्यातले बहुतेक लोक येईनात म्हणून नाही बंद पडले, चालवणारा थकला म्हणून पडले. एका ग्रुपचं तर असं झालं की मेलिंग लिस्ट, सोशल मीडियाची अकाउंटं, जागा देणाऱ्यांशी ओळख हे सगळं एकाच माणसाकडे होतं, त्याची नोकरी बदलली, तो दुसरीकडे गेला आणि बाकीच्यांकडे पासवर्डसुद्धा नव्हते. पाच वर्षांचा ग्रुप दोन महिन्यांत संपला. म्हणून आजच प्रत्येक अकाउंटला किमान तीन अ‍ॅडमिन करा. आणि त्या नऊ जणांना काम द्या, एकाने प्रोजेक्टरचे अ‍ॅडॉप्टर आणायचे (एचडीएमआय आणि यूएसबी-सी दोन्ही, दर वेळी यावरूनच दहा मिनिटं जातात), एकाने पोस्ट लिहायची, एकाने दाराशी थांबून नवीन माणसाला आत आणायचं. काम दिलेलं माणूस पुढच्या महिन्यात येतंच.

प्रश्न : मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं. दोन मीटअपला गेले, पण तिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे दिसतात, मी मागे उभी राहते आणि टॉक संपला की निघून येते. कधीतरी आपणही बोलावं असं फार वाटतं, पण मला येतंच काय! — मागच्या रांगेतली

उत्तर : पुढच्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं लवकर जा. खरंच सांगते, खुर्च्या लावायला मदत करताना जी ओळख होते ती नंतरच्या गर्दीत होत नाही, कारण तेव्हा हात कामात असतात आणि काय बोलू असा प्रश्नच पडत नाही.

आणि यात चूक तुमची नाही, आयोजकांनी याची सोय करायला पाहिजे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात एका गॅरेजमध्ये होमब्रू कम्प्युटर क्लब सुरू झाला, अ‍ॅपल कंपनी सुरू करणाऱ्यांतले स्टीव्ह वॉझनियॅक त्याच क्लबात जायचे आणि अ‍ॅपल-१ हा आपला कम्प्युटर त्यांनी क्लबातल्याच लोकांना दाखवला. त्या क्लबच्या मीटिंगला आधी मॅपिंग असायचं, म्हणजे ज्याला त्याला उभं राहून थोडक्यात सांगायचं की मी यावर काम करतोय, माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय. मग रँडम अ‍ॅक्सेस, म्हणजे ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं त्याला जाऊन गाठायचं. किती साधं आहे बघा, आणि लाजऱ्या माणसाला यासारखी सोय नाही, कारण लोकच आपल्याकडे येतात. तुमच्या आयोजकांना सुचवा. अजून एक पॅकमॅन रूल म्हणून आहे, राइट द डॉक्स हा सॉफ्टवेअरची माहिती लिहिणाऱ्यांचा ग्रुप सुरू करणाऱ्यांतले एरिक होल्शर यांनी मांडलेला : घोळका करून उभे असाल तर एक माणूस मावेल एवढी जागा उघडी ठेवा, पॅकमॅन या व्हिडिओ गेममधल्या गोलाच्या उघड्या तोंडासारखी. मी स्वतः हे आवर्जून पाळते आणि फरक पडतो.

बोलण्याचं म्हणाल तर लाइटनिंग टॉक घ्या, साधारण पाच मिनिटांचा असतो. विषय गेल्या महिन्यात तुम्ही जिथे सगळ्यात जास्त वेळ अडकलात तो. दीड वर्ष झालेल्या माणसाला अजून आठवत असतं की नेमकं काय कळत नव्हतं, पंधरा वर्षंवाल्यांना ते आठवत नाही, म्हणून तुमचा टॉक नवीन लोकांना जास्त समजतो. कोडचा फॉन्ट भरपूर मोठा ठेवा, एका स्लाइडवर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त कोड नको, आणि डेमो आधी रेकॉर्ड करून ठेवा कारण हॉलचं नेट ऐनवेळी दगा देतं. घरी घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोलून बघा. आणि झाला की मला नक्की कळवा.

प्रश्न : एक कंपनी आमच्या ग्रुपला जागा आणि पैसे द्यायला तयार आहे, पण त्यांना येणाऱ्या सगळ्यांचे ईमेल आणि फोन नंबर हवेत, शिवाय त्यांच्या प्रॉडक्टवर अर्ध्या तासाचा टॉक. हो म्हणावं का? — ग्रुपचा खजिनदार

उत्तर : नंबर द्यायचे नाहीत. लोकांनी ते तुम्हाला कार्यक्रमाची खबर मिळावी म्हणून दिलेत, दुसऱ्या कोणाला द्यायला नाही. नोंदणीच्या फॉर्मवर वेगळी चौकट ठेवा, स्पॉन्सरने संपर्क केला तर चालेल का म्हणून, आधीपासून टिक न केलेली, आणि जे स्वतः टिक करतील तेवढीच यादी द्या. टॉकचं असं करा की पाच मिनिटं द्या, हा स्पॉन्सरचा वेळ आहे असं उघड सांगून. त्यांच्या इंजिनिअरकडे खरंच काही शिकण्यासारखं असेल, म्हणजे एखादी सिस्टिम कशी कोसळली आणि कशी उभी केली वगैरे, तर बाकी स्पीकरसारखाच त्यांनी प्रस्ताव पाठवावा आणि तुम्ही त्याच नियमाने निवडावा.

पैशांचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकत जा, किती आले, कशावर गेले. आणि जागेसाठी एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका, दुसरी जागा आत्ताच बघून ठेवा, कॉलेज असेल, लायब्ररी असेल, कारण त्यांचा मॅनेजर बदलला की एका मेलवर जागा जाते आणि तेव्हा तुमच्या हातात चारच दिवस असतात.