गडचिरोलीत कामाला निघालास, तर आधी ग्रामसभेत बस

पहिले काही महिने योजना मांडू नकोस. मेंढा-लेखाच्या गोंड गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेत जातो. आपल्यासारख्यांना ही दिरंगाई वाटते, मलाही वाटायची. पण असा ठराव मग कोणी मोडत नाही.

२००६चा वनहक्क कायदा नीट वाच, विशेषतः सामूहिक हक्काची कलमं. मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना हातात पडेपर्यंत २०११ उजाडलं. कागद मिळाला म्हणजे काम झालं, असं समजू नकोस.

बांबूच्या रांजीपाशी, म्हणजे बेटापाशी, मात्र म्हाताऱ्या माणसांबरोबर जा. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, का राखायचे, कुठला बांबू पक्का झाला, हे ते हात लावून सांगतात. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणंच बंद केलं, कारण चांगल्या पानांसाठी झाडं छाटतात, आगी लावतात. हातचा पैसा सोडायचा हा निर्णय गावाचा होता. तो बाहेरून कोणी लादला असता तर टिकला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

थोडी गोंडी शीक. आणि बायका सभेत मागे बसल्या असतील तर मोहाच्या झाडांचा विषय काढ. पहाटे फुलं वेचायला त्याच जातात, झाडाखालचा पाचोळा जाळावा की झाडून काढावा हे त्यांनाच विचार.