परभणीहून लडाखमधल्या त्सो मोरीरी तलावाकाठी कोरझोकला महिनाभर राहायला जायचंय, सोबत वडील आहेत. तयारी कशी करावी?

जून-जुलैत पक्षी बघायला महिनाभर कोरझोकला राहायचं, सोबत बीपीची गोळी चालू असलेले ५८ वर्षांचे वडील, आणि जमलं तर जानेवारीत गोठलेला तलाव बघायला पुन्हा जायचं, असा तुमचा बेत आहे. जून-जुलैचं जमण्यासारखं आहे. जानेवारीचं शेवटी सांगतो.

आपल्याकडचे लोक थंडीची तयारी जोरात करतात, पण उन्हाळ्यात तिथं माणूस आडवा होतो तो उंचीमुळे. परभणी समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्याही खाली आणि कोरझोक ४,५०० मीटरच्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत साठ टक्क्यांहूनही कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. तरणाताठा माणूसही यातून सुटत नाही. उलट पहिल्याच दिवशी उड्या मारणारे तरुणच जास्त आजारी पडतात.

म्हणून दिल्लीहून विमानानं थेट लेहला उतरण्यापेक्षा रस्ता धरा. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, पुढं जम्मूमार्गे श्रीनगर, मग कारगिलला एक मुक्काम (साधारण २,७०० मीटर) आणि तिथून लेह (३,५०० मीटर). मनालीकडून येणाऱ्यांचा मुक्काम बऱ्याचदा सरचूला पडतो. ते लेहपेक्षाही उंच आहे, त्यामुळे रात्रभर डोकं ठणकतं. लेहमध्ये किमान तीन रात्री काढा, त्यात पहिला दिवस नुसता पडून. पुढं चुमाथांगला दोन रात्री थांबा. ते ४,००० मीटरच्या आसपास आहे आणि गरम पाण्याचे झरे आहेत. तिथून कोरझोक. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, असा नियम आहे; कारगिल-लेह आणि चुमाथांग-कोरझोक या टप्प्यांत तो थोडा मोडतो, म्हणून वडिलांसाठी लेह आणि चुमाथांगचे मुक्काम अजिबात कमी करू नका.

उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण वडिलांच्या बाबतीत आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची अॅलर्जी असेल किंवा बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर मुद्दाम सांगा. गोळीनं बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं नाही. घाबरायचं ते दोन गोष्टींना: बसल्या जागी दम लागणं, आणि सरळ रेषेत पाऊल टाकताना तोल जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता, मिळेल त्या गाडीनं खाली उतरायचं. मोठं रुग्णालय लेहलाच आहे, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. म्हणून गावात पोचल्याबरोबर कुणाकडं गाडी आहे हे विचारून ठेवा.

लेहला पर्यावरण शुल्क भरून परवान्याचा कागद घ्या. कोरझोकच्या वाटेवर माहे पुलाजवळ तपासणी होते, तेव्हा तीन-चार झेरॉक्स जवळ असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. पैसे लेहलाच काढा.

आता जेवण. एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ उघड्या भांड्यात तासन्‌तास ठेवली तरी दाणा कचकच लागतो. तूर घरीच ठेवा; मूग-मसूर न्या, रात्री भिजवा आणि कुकरमध्येच शिजवा. ज्वारीचं पीठ महिनाभराचं नेऊ नका, पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. आपलं येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) मात्र न्याच. धान्य आधीच भाजलेलं असल्यामुळे पाण्यात कालवून एक उकळी आली की आमटी तयार, इंधनही कमी जळतं. शेंगदाण्याची चटणी टिकते. बाकी यजमानांकडची खंबीर रोटी (जाड लडाखी रोटी) आणि त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) खायची सवय लावून घ्या.

इंधनाचं एवढं सांगतोय, कारण तिथं झाड नाही. चूल पेटते ती शेणावर आणि लांबून आणलेल्या लाकडावर. खोलीभाड्यात जळण धरलंय का, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि नसेल तर वेगळे पैसे द्या. तलावाचं पाणी मचूळ आहे, पिण्याचं पाणी ओढ्याचं. संडास कोरडा असतो: वापरल्यावर माती-राख टाकायची, बादलीभर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर खत सडतं, आणि तेच खत त्यांच्या शेतात जायचं असतं.

पक्ष्यांसाठी जून-जुलै उत्तम. हिवाळ्यात जायकवाडीला दिसणारे पट्टकदंब ज्या मोजक्या भारतीय तलावांवर वीण करतात, त्यातला हा एक. २००२ पासून तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पण घरटी काठच्या दलदलीत, जमिनीवर असतात. ओल्या गवतात पाय टाकू नका. काळ्या मानेचा क्रौंच दिसला तर लांबूनच दुर्बीण लावा. पक्षी अंड्यांवरून उठला की मोकाट कुत्र्यांचं फावतं. काठावर तंबू ठोकायचा नाही, गावातच राहायचं.

जानेवारीत वडिलांना नेऊ नका. रात्री उणे तीसच्या घरात जातात, नळ गोठतात, साधं डिझेल घट्ट होतं आणि गाडी सुरूच होत नाही, म्हणजे खाली उतरायची वाट बंद. एकटे गेलात तर बुखारी (खोली तापवायची धुराड्याची शेगडी) पेटती ठेवून झोपू नका. धुराड्याच्या सांध्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गळतो, आणि त्यानंही उंचीसारखंच डोकं दुखतं, मळमळतं. लोक गोळी घेऊन त्याच खोलीत पडून राहतात आणि तिथंच घात होतो. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर उतरलं, तर दोष बुखारीचा समजा. खिडकीची बोटभर फट उघडीच ठेवा आणि कोळशाची शेगडी आत घेऊच नका.