सोनटक्का, अबोली, अनंत, जुई अशी जुन्या अंगणातली झाडे कुठे शोधावीत आणि इतरांना कशी द्यावीत?

रोपवाटिकांपेक्षा जुनी परसदारे आणि देवळांभोवतीच्या बागा आधी पाहाव्यात, अर्थात मालकाला विचारूनच. सोनटक्क्याचा गड्डा पावसाच्या तोंडाशी खणून, प्रत्येक तुकड्याला किमान एक डोळा राहील असा तोडावा आणि ओलसर जागी उथळ लावावा. तो इतका पसरतो की देणाऱ्यालाही जागा मोकळी झाल्याचा आनंदच होतो. अनंताची अर्धवट जून झालेली वीतभर फांदी पावसाळ्यात रुजते, तर जुईची जमिनीलगतची फांदी मातीत दाबून, मुळे फुटल्यावरच मूळ वेलापासून वेगळी करणे अधिक खात्रीचे. अबोलीच्या वाळलेल्या कणसाला पाणी लागताच बोंडे तडकून बी दूर उडते, म्हणून कणसे कोरडी असतानाच कागदी पिशवीत काढून ठेवावीत आणि तशीच, रंगाचे नाव लिहून, द्यावीत.