पाणी वापर संस्थेच्या बैठकीत मॉडेल: गळतीचा रकाना आधी भरा

दिंडोरीकडच्या तुमच्या पाणी वापर संस्थेला रब्बीच्या आवर्तनांचं नियोजन सगळ्या सभासदांसमोर संगणकावर करायचंय, त्यासाठी वीप (WEAP, पाणीवाटपाचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) घ्यावं का, असा तुमचा प्रश्न. पहिल्या हंगामाला नको. स्प्रेडशीट, प्रोजेक्टर आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गट नंबरांसह काढलेला चाऱ्यांचा (कालव्याच्या फाट्यांचा) नकाशा पुरेसा आहे. नकाशावर स्वतःचा गट दिसला की माणूस बोलायला लागतो. टेलचे (कालव्याच्या शेवटच्या टोकाचे) शेतकरी आणि पिण्याच्या पाण्याचा हिशेब सांगणाऱ्या गावातल्या बाया नसतील, तर बैठक पुढे ढकला.

शीट अशी मांडा. एका हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर. ७५ मिमीची पाळी (एका वेळचं पाणी) धरली तर शेतात हेक्टरी ७५० घनमीटर. कालव्यात आणि चारीत निम्मं जात असेल तर कालव्याच्या मुखाशी १५०० लागतात. समजा तुमचा कोटा १ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. चार पाळ्या द्यायच्या तर साधारण १६६ हेक्टर भिजेल. गळती ४० टक्के धरली की तेच २०० होतं. म्हणून गळतीचा हा आकडा कार्यालयात बसून टाकू नका. मुखाशी आणि टेलला पट्टीवरचं माप घ्या, ते सभेतच भरा. धरणाचा साठा दलघफूमध्ये (दशलक्ष घनफुटांत) मिळाला तर आधी दलघमी करा (१ दलघफू = ०.०२८३ दलघमी), नाहीतर हिशेब पस्तीस पटीने चुकतो.

आता खरी अडचण. गळती म्हणजे सगळी नासाडी नव्हे. ओझर-वाघाड पट्ट्यात द्राक्षबागा विहिरींवर आहेत आणि विहिरींना कालव्याचा पाझर लागतो. शीटमध्ये ‘विहिरीत गेलं’ आणि ‘वाया गेलं’ असे दोन रकाने ठेवा. एकच ठेवलात तर अस्तरीकरण (कालव्याला आतून काँक्रीटचा थर देणं) कागदावर निव्वळ फायद्याचं दिसेल आणि बागायतदार सभेतून उठून जातील. त्यांचं म्हणणं रास्तच असेल.

वीप दुसऱ्या वर्षी घ्या, तेही विहिरी, गाव आणि खालचे पाणीवाटे एकत्र बघायचे असतील तरच. विकसनशील देशांतल्या ना-नफा, शासकीय व शैक्षणिक संस्थांना परवाना मोफत मिळतो. चाचणी आवृत्तीत काम सेव्ह होत नाही. त्यात पिण्याच्या पाण्याला प्राधान्य १, शेतीला २ द्या. मात्र हेड (कालव्याच्या सुरुवातीचे शेतकरी) आणि टेल दोघांना २ दिलं की वीप तूट दोघांवर सारख्या टक्क्यांनी वाटतं. प्रत्यक्षात हेडवाला आधी भिजवून घेतो. त्यामुळे मॉडेलमधला टेल भिजलेला आणि शेतातला कोरडा, असं होतं. गेल्या हंगामाची मापं टाकून आधी ताळा घ्या. शिवाय महिन्याच्या टप्प्यावर चालवलंत तर पाळी चुकलेली दिसतच नाही; टप्पा आठवड्याचा ठेवा.

सभेत ठरलेल्या शीटची तारखेसह प्रिंट कार्यालयाच्या फळ्यावर लावा. प्रत्येक आवर्तन संपलं की पाटकऱ्याने घेतलेलं माप त्याच कागदावर, धरलेल्या आकड्याशेजारी लिहा.