जेसनच्या दोन व्हर्जनमधला फरक कसा साठवायचा? फॉरमॅट नंतर, आधी यादीतला माणूस ओळखायचा कसा ते ठरवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की रोज रात्री एक जेसन (JSON, म्हणजे डेटा साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत) फाईल येते, कालच्यात आणि आजच्यात जेवढं बदललं तेवढंच साठवायचंय आणि तेच दुसऱ्या मशीनवरच्या कॉपीला लावायचंय, पण साधं डिफ (दोन फायलींतला फरक दाखवणारं टूल) मारलं की अर्धी फाईल लाल-हिरवी, म्हणजे बदललेली, दिसते, तर फॉरमॅट कुठला घेऊ. मी खानापूर तालुक्यातल्या एका दूध सोसायटीचं सॉफ्टवेअर बघतो, हे दुखणं अंगावर काढलंय म्हणून लिहायलोय.

साधं डिफ ओळी बघतं, बस. गिट (कोडच्या व्हर्जन सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरतं ते मायर्सचं १९८६ चं अल्गोरिदमसुद्धा ओळींवरच चालतं, कंसाच्या आत काय नातं आहे ते त्याला काय ठाऊक. जेसनच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे की (लेबल) आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या गठ्ठ्यात, नाव आधी आणि गाव नंतर की उलटं, याला काही अर्थ नसतो, पण डिफला असतो. म्हणून आधी दोन्ही फायली एका वळणावर आणा, जेक्यू (jq) नावाच्या टूलला मोठ्या एसचा (-S) ऑप्शन दिला की कीज क्रमाने लागतात, आणि ३.५ फॅट आणि ३.५० फॅट हे एकच दूध आहे हे पण तिथंच मिटवून टाका. मराठी डेटा असेल तर अजून एक भानगड आहे. ‘मारुती देवळाच्या कोपऱ्यावर’ यातला ऱ एका कीबोर्डवरनं एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरनं र आणि खाली नुक्ता म्हणून, आणि जुन्या टायपिंगमध्ये र चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जॉइनर घातलेलं असतं. स्क्रीनवर तिन्ही सारखेच! पहिले दोन युनिकोडच्या एनएफसीने (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करायची रीत) एक होतात, तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

आता फॉरमॅट. पॅच म्हणजे काय बदलायचं त्याची चिठ्ठी, आणि आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर दिलेले कागद. जेसन मर्ज पॅच, म्हणजे आरएफसी ७३९६, २०१४ चं, एकदम सोपं, जे बदललं तेवढंच त्याच आकारात लिहायचं. पण त्यात नल (null, ‘किंमत नाही’ अशी खूण) म्हणजे ‘ही की काढून टाक’, त्यामुळं तुमच्या डेटात खरोखरचा नल ठेवायचा असेल तर जमतच नाही, आणि यादीतला एक आकडा बदलला तरी पूर्ण यादी परत पाठवावी लागते. सेटिंगच्या फायलींना मी तेच वापरतो. जेसन पॅच, आरएफसी ६९०२, २०१३ चं, त्यात अॅड, रिमूव्ह, रिप्लेस, मूव्ह, कॉपी आणि टेस्ट अशा सहा क्रिया आणि प्रत्येकीला पाथ, म्हणजे फाईलमधल्या जागेचा पत्ता. हे ताकदवान आहे आणि मी यातच तोंडावर आपटलो.

झालं असं की सभासदांची साधी यादी होती, म्हणजे अॅरे, आणि पाथमध्ये कुणाचं नाव नसतं, नुसतं कितवा ते असतं. ऑफिसात मी एकाचं बँक खातं बदललं, पॅच तयार झाला की बेचाळिसाव्या जागेवरचं खातं बदला. त्याच सकाळी कलेक्शन सेंटरवरच्या पोराने एक नवीन सभासद वर घुसवला होता. सगळे एक घर खाली सरकले, पॅच मात्र बिनतक्रार लागला, एरर नाही काही नाही, आणि एका आक्कांचं खातं पुसून तिथं शेजारच्या घरचं खातं बसलं. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा आक्कांचे पैसे शेजारी. दुसऱ्या दिवशी आक्का दुधाचं कॅन ठेवून सरळ माझ्याकडंच आल्या. शेजारी भला माणूस, स्वतःहून पैसे आणून दिले म्हणून भागलं.

तेव्हापासून अॅरे बंद. सभासद नंबर हीच की करून ऑब्जेक्ट केला, आता पाथ म्हणजे /सभासद/२१७/खाते, वर कितीही माणसं येऊ देत जाऊ देत, २१७ तो २१७ च. यादीचा क्रम पाहिजेच असेल तर तो वेगळा फील्ड. अॅरे ठेवणं भागच असेल तर जेसनडिफपॅच नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी बघा, तिला सांगता येतं की वस्तू कशावरून ओळखायची, शिवाय ती जुनी किंमत पण ठेवते म्हणून बदल उलटा फिरवता येतो, जेसन पॅचच्या रिप्लेसमध्ये जुनं काय होतं ते नसतंच. आणि प्रत्येक रिप्लेसच्या आधी एक टेस्ट घाला, जुनं खातं हेच आहे का म्हणून. नसेल तर पूर्ण पॅच नाकारला जातो, अर्धवट लागत नाही.

नावाला मात्र की करू नका हं. आमच्या गावात पाटील किती ते मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल, आणि एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर कन्नडमध्ये, पासबुकात इंग्रजीत, आमच्या रजिस्टरात मराठीत, कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती तीन माणसं झाली की.

एक गोष्ट कुठलंच डिफ सांगत नाही, ती म्हणजे कारण. १ नोव्हेंबर २०१४ पासून आमच्या बेळगाव जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी झालं, मी नंतर कधीतरी सगळ्या पत्त्यांत तो बदल केला तर पॅचमध्ये सभासद तितके रिप्लेस, आणि त्यातच दोघांनी खरोखरच पत्ता बदललेला, ते त्या ढिगात हरवले. आता असा सरसकट बदल मी वेगळ्या पॅचमध्ये करतो आणि वर एक ओळ टाकतो, का केला म्हणून.

तुमच्या यादीत असा न बदलणारा नंबर आहे का ते कमेंटमध्ये लिहा. जमिनीचा डेटा असेल आणि सर्व्हे नंबरच की करणार असाल तर ११२/२ मधला स्लॅश पाथला नवीन पायरी वाटतो, तिथं स्लॅशच्या जागी टिल्डा (~ ही खूण) आणि त्याला चिकटून एकचा आकडा लिहायचा (~1), आणि नंबरातच टिल्डा असला तर टिल्डा आणि शून्य (~0).