हिवाळ्यात जनरेटरवर बॅटऱ्या? येऊरला तरी नको, आधी पावसाळ्याचं बघा

प्रश्न: ठाण्यात येऊरला आमचं बैठं घर आहे. छपरावर 3 किलोवॅटचे पॅनेल, 48 व्होल्टचा 5 केव्हीए हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) आणि 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर बॅटऱ्या. नेट मीटर नाही. महावितरणची लाइन आहे, पण झाड पडलं की दोन-दोन दिवस जाते. परदेशातले लोक व्हिडिओत दाखवतात की हिवाळ्यात ते ऑफ-ग्रिड (लाइनशिवायच्या) बॅटऱ्या जनरेटरने चार्ज करतात. आपण तसं करावं का? किती केव्हीए घ्यावा?

उत्तर:

डिसेंबरात येऊरला जनरेटर लावायची वेळ येत असेल, तर जनरेटर नका घेऊ, पॅनेल पुसा. ते व्हिडिओ बनवणारे लोक 45-50 अक्षांशावर राहतात. तिथे हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ-साडेआठ तासांचा, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 20 अंशांच्या आसपास, आणि पॅनेलवर बर्फ. ठाणे 19 अंशांवर आहे. 22 डिसेंबरला दुपारी सूर्य आपल्याकडे 47 अंशांवर असतो, दिवस 11 तासांचा, हवा कोरडी, पॅनेल गार. तुमचे 3 किलोवॅट त्या दिवसांत 11-12 युनिट आरामात देतात. देत नसतील तर दक्षिणेकडचं झाड बघा. मे महिन्यात ज्याची सावली छपराला शिवतही नाही, तेच झाड डिसेंबरात अर्धी ओळ झाकतं.

आपला हिवाळा जुलैत येतो. चार दिवस सलग झड लागली की हेच पॅनेल दिवसाला 3-4 युनिट देतात, एखाद्या काळ्या दिवशी दोनसुद्धा नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी पावसाळ्याचा धरून उत्तर देतो.

तुमची बँक, म्हणजे चारही बॅटऱ्या मिळून, कागदावर 7.2 युनिटची. ट्युब्युलर म्हणजे लेड-ॲसिडच, ती अर्ध्याच्या खाली न्यायची नाही, म्हणजे हातात साडेतीन. फ्रिज, तीन पंखे, दिवे, वायफाय यांचा दिवसाचा खर्च चारच्या आसपास धरला तर झडीच्या दिवशी बॅटरी-इन्व्हर्टरची गळती धरून तूट दीड-दोन युनिटची असते. ती भरायला दहा केव्हीएचा ट्रॉलीवरचा जनरेटर लागत नाही. इथेच लोकांची आणि माझी गाडी अडते.

येऊरच्याच एका घरातलं बघा. तुमच्यासारखीच सिस्टिम, जनरेटर 2.2 केव्हीएचा पेट्रोलवरचा. तक्रार अशी की जनरेटर बॅटरी चार्जच करत नाही. चालू केला की इन्व्हर्टरमधला रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टक्कन बसायचा, इंजिनाचा आवाज घोगरा व्हायचा, मीटरवर 230 चे 170 व्होल्ट, मग रिले परत टक्कन सुटायचा आणि इंजिन मोकळं होऊन किंचाळायचं. मिनिटभराने पुन्हा तेच. अर्धा तास घुं आणि भुर्र. घरमालकांनी जनरेटर परत केला, 5 केव्हीएचा आणला. आता चार्ज झालं, पण पंधरा दिवसांत बॅटऱ्यांच्या झाकणांभोवती ॲसिडचे शिंतोडे, पाणी प्लेटच्या कडेला आलेलं, टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरा, आणि बॅटरीचा डबा हाताला चटका बसावा इतका गरम.

दोष दोन्हींपैकी कुठल्याच जनरेटरचा नव्हता. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये एसीवरून चार्जिंगचा करंट कोणीतरी 60 अँपिअर करून ठेवला होता. या जातीच्या बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये हे 11 नंबरचं सेटिंग असतं, कारखान्यातून 30 वर येतं. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण ते मला माहीत आहे. त्यांच्याशी माझा हा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं, करंट वाढवला की बॅटरी लवकर भरते, जनरेटर कमी वेळ चालतो, पेट्रोल वाचतं. ऐकायला बरोबर वाटतं म्हणूनच ते घातक आहे.

हिशोब करा. 60 अँपिअर गुणिले 55 व्होल्ट म्हणजे 3.3 किलोवॅट डीसी. चार्जरची गळती धरून एसीच्या बाजूला पावणेचार किलोवॅट. त्यात पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) सुधारणारी सर्किट नसलेला चार्जर 0.7 च्या आसपास चालतो, म्हणजे जनरेटरला पाच केव्हीएच्या वर ओझं. सव्वादोन केव्हीएवाला बिचारा घोगरा होणार नाही तर काय. आणि बॅटरीच्या बाजूने 150 एएचला 60 म्हणजे 40 टक्के. ट्युब्युलरला 10 टक्के, म्हणजे 15 अँपिअर, हा सुखाचा करंट. घाई असेल तर 20 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 30. त्यापुढे जे जातं त्यातलं बरंचसं पाणी उकळायला आणि उष्णतेला.

तिथे 11 नंबर 20 वर आणला, फ्रिजचा स्विच तेवढ्यापुरता बंद, आणि परत केला होता तसलाच 2.2 चा डबा शेजारून आणून लावला. क्लॅम्प मीटरवर साडेसात-आठ अँपिअर, व्होल्टेज 224 वर स्थिर. 5 केव्हीएचा कोपऱ्यात झाकून पडला. करंट वाढवून ठेवणारे ते गृहस्थ अजूनही म्हणतात की मोठा जनरेटर आणला म्हणूनच प्रश्न सुटला.

आता तुमचा आकडा. करंट 25 ठेवा. बॅटरीकडे सुमारे 1.4 किलोवॅट, एसीच्या बाजूला 1.6, पॉवर फॅक्टर धरून 2.2-2.3 केव्हीए, वर घरातलं किरकोळ 0.3. जनरेटरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा ‘मॅक्स’चा असतो, ‘रेटेड’ बघा आणि त्याच्या 80 टक्क्यांवर चालवा. म्हणजे रेटेड 3 ते 3.5 केव्हीए. इन्व्हर्टर-टाइप जनरेटर महाग आहे, पण त्याचं व्होल्टेज सरळ राहतं आणि कमी लोडवर इंजिन हळू होतं. साध्या जनरेटरवर घरातला इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडमध्ये (इनपुट व्होल्टेजची अरुंद रेंज) नखरे करतो, ती रेंज रुंद करा, बहुतेक वेळा 3 नंबरचं सेटिंग. कॉम्प्युटर त्याच लाइनवर असेल तर लोड बदलताना तो रीस्टार्ट होऊ शकतो, तेवढं सोसा.

जनरेटरवर 12 व्होल्टचं जे सॉकेट असतं त्याला हात लावू नका. 8 अँपिअरच्या आसपास, व्होल्टेज नीट राखलेलं नाही, आणि तुमची बँक 48 ची. चारातली एकच बॅटरी त्यावर लावून उरलेल्या तीन उपाशी ठेवणारे महाभागही आहेत.

कधी लावायचा, हा खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. सकाळी लावा. साडेसहाला सुरू, नऊ-सव्वानऊला बंद. बॅटरी 50 टक्क्यांवर असेल तर पावणेतीन तासांत 80-85 पर्यंत येते आणि व्होल्टेज 57.6 ला टेकतं. तिथे थांबा. त्यापुढे बॅटरी स्वतःच करंट कमी करते, 25 चे 10, दहाचे 4, आणि हा शेवटचा टप्पा चार-पाच तास खातो. चारशे वॉटसाठी तीन केव्हीएचं इंजिन फिरवत बसणं म्हणजे एक कप चहासाठी बंब पेटवणं. पण ढगाळ दिवशी दहा ते चार तुमचे पॅनेल नेमकं एवढंच देतात, 300 ते 500 वॉट, म्हणजे 6 ते 9 अँपिअर. जाड काम जनरेटरचं, बारीक काम पॅनेलचं. संध्याकाळी जनरेटर लावलात तर भरलेलं रात्री खर्च होतं, दुसऱ्या दिवशीचं थोडंसं ऊन खालचा खड्डा बुजवण्यात जातं, आणि बॅटरी आठवडाभर एकदाही पूर्ण भरत नाही. उभ्या ट्युब्युलरमध्ये मग जड ॲसिड तळाशी बसतं, प्लेटांवर सल्फेट धरतं. दिवा हिरवा दिसतो, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) मात्र 1.240 च्या जागी 1.200 वर अडून बसतो. शिवाय येऊरला रात्री जनरेटर लावला तर शेजारी आणि बिबट्या दोघंही नाराज.

ॲलर्ट लागल्याच्या दिवशी मात्र जनरेटरचं नाव काढू नका. हवामान खात्याने ठाण्याला ऑरेंज किंवा रेड दिला की लाइन असतानाच इन्व्हर्टरचं 16 नंबरचं सेटिंग ‘सोलर आणि लाइन दोन्ही’वर करून रात्रीतून बँक फुल करा. पेट्रोलवरचं युनिट अर्ध्या लिटरला पडतं, म्हणजे लिटर शंभरीपार असताना पन्नास रुपयांच्या वर. महावितरणचं कितीही महाग वाटलं तरी याच्या जवळपास नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा पूर्ण फुल करायचंच असतं, तेही लाइनवर करा.

जोडणीत लोक मरतात, म्हणून हे नीट वाचा. इन्व्हर्टरच्या एसी इनपुटला लाइन आणि जनरेटर यांच्यामध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, 32 अँपिअरचा, मध्ये ‘बंद’ असलेला. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. दोन्ही बाजूंना पिना लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणारे अजून आहेत. लाइन दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला ते उलटं व्होल्टेज लागतं. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा लोंबकळत असतो, टेस्टर दोन्ही तारांवर मिणमिणतो, आणि अशा अवस्थेत आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईलच याचा भरवसा नाही. जनरेटरच्या बाजूला एकाच जागी न्यूट्रल अर्थिंगला बांधून घ्या. काही इन्व्हर्टर-टाइप मॉडेलना हे चालत नाही, त्यामुळे आधी मॅन्युअल. केबल 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि पूर्ण उलगडलेली. रीळावर गुंडाळलेली एक्स्टेंशन तीन तासांत आतून वितळू शकते.

सुरू करताना चेंजओव्हर बंद, दोरी ओढा, दोन-तीन मिनिटं इंजिन तापू द्या, व्होल्टेज बघा, मग लोड. बंद करताना उलट: आधी लोड काढा, दोन मिनिटं मोकळं चालू द्या, मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला येऊरची दमट हवा मानवत नाही. महिनाभर टाकीत राहिलं तर पाणी धरतं, जेट चोक होतो, आणि नेमकी लाइन गेलेल्या दिवशी खांदा निखळेपर्यंत दोरी ओढावी लागते. नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या 20 तासांनी, पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. डिझेलच्या मोहात पडू नका. कमी लोडवर डिझेल इंजिन कार्बन धरतं आणि सायलेन्सरमधून काळं ओघळतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जनरेटर पडवीत, जिन्याखाली, गॅरेजमध्ये शटर अर्धं उघडून, असा कुठेही नाही. पाऊस आहे म्हणून लोक आत घेतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर, उघड्यावर, खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचं चार खांबांचं छप्पर, बाजू मोकळ्या. बॅटऱ्यांच्या खोलीलाही खिडकी हवी, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पेट्रोल घरात 30 लिटरच्या वर विनापरवाना ठेवता येत नाही, तुम्हाला दहा पुष्कळ झालं.

आणि तुमच्या मूळ हिवाळ्याबद्दल. 57.6 हा आकडा 25-27 अंश सेल्सियस तापमानाचा आहे. गार बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतं, सेलला अंशामागे सुमारे 4 मिलिव्होल्ट. तुमचे सेल 24, येऊरची पहाट 15 अंशांची, म्हणजे व्होल्टभर वाढवा. मे महिन्यात तेवढंच कमी करा. इन्व्हर्टरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. लिथियम घेणार असाल तर वरचं निम्मं रद्द. 51.2 व्होल्ट 100 एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) 30-40 अँपिअर सहज घेते आणि शेवटचा लांब टप्पा तिला जवळपास नाहीच. शून्याखाली मात्र ती चार्ज करायची नसते, सेलमध्ये लिथियमचा थर बसतो. ती अडचण लडाखची, येऊरची नाही.

जनरेटर बघायला जाण्याआधी एक काम करा. दीडशे-दोनशे रुपयांचा हायड्रोमीटर घ्या, बॅटऱ्या लाइनवर फुल करा, तासभर थांबा, आणि चोवीसही सेलची वाचनं कागदावर उतरवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीस पॉइंट (1.240 च्या जागी 1.210-1.200) खाली निघाला, तर तुमचा खर्च जनरेटरचा नाही, त्या बॅटरीचा आहे.